ईमेलची आवराआवर आणि सुरक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईमेलबद्दल लोक मदत मागतात ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी: एक तर जागा संपलेली असते, नाहीतर खातं हातचं गेलेलं असतं. पहिलं काम उद्यावर ढकलता येतं, दुसरं येत नाही. म्हणून इथे सुरक्षेचे प्रश्न आधी घेतले आहेत आणि आवराआवर नंतर. सांगितलेली साधनं फुकट आहेत, किंवा त्यांच्या फुकट योजनेत घरगुती वापर भागतो.

माझ्या मेलमध्ये लपवण्यासारखं काहीच नाही. मग एवढा खटाटोप कशाला?

चोराला तुमची पत्रं वाचण्यात रस नसतो. त्याचं लक्ष असतं इतर साइटवरच्या 'पासवर्ड विसरलात?' या बटणावर. बँक, खरेदी, सोशल मीडिया, फोटो, प्रवासाची बुकिंग, सगळ्यांचा नवा पासवर्ड घ्यायची लिंक येते ती तुमच्या ईमेलवर. मेल हाती लागला की बाकीची खाती एकेक करून उघडता येतात.

खात्री करून घ्यायची असेल तर मेलच्या शोधपट्टीत इंग्रजीतून 'व्हेरिफाय' आणि मग 'वेलकम' टाकून बघा. आजवर कुठेकुठे खाती उघडली त्याची यादीच समोर येईल. चोरालाही ती तितक्याच सहज मिळते. मग 'सेंट'मध्ये जाऊन फक्त अटॅचमेंट असलेले मेल काढा. ओळखपत्रांच्या स्कॅन प्रती, सही केलेले फॉर्म, कुणाला तरी कळवलेला खातेक्रमांक. 'काहीच नाही' म्हणणाऱ्यांकडेही हे निघतंच.

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा का?

नको. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकसंस्थेने २०१७ सालच्या मार्गदर्शनातच सांगितलं आहे की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये. तो फुटल्याचं दिसलं तर बदलावा. कारण सरळ आहे. सक्ती केली की माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि मोकळी होतात.

लांबी महत्त्वाची. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडून केलेला पासवर्ड लक्षातही राहतो आणि यंत्राला सहज फोडताही येत नाही. शब्द मात्र खरोखर असंबद्ध हवेत. मुलांची नावं आणि जन्मसाल जोडलं तर त्याला असंबद्ध म्हणत नाहीत.

त्याहून मोठा धोका म्हणजे एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरणं. कुठल्यातरी किरकोळ साइटवरून तो फुटतो आणि चोरांचे प्रोग्राम ईमेल पत्ता आणि पासवर्डाची तीच जोडी मोठमोठ्या मेलसेवांवर लावून बघतात. म्हणून ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही नको. बाकीचे पासवर्ड लक्षात ठेवायचं काम पासवर्ड मॅनेजरवर सोपवा. बिटवॉर्डनची फुकट योजना फोन आणि संगणक दोन्हीकडे चालते. ऑनलाइन काहीच ठेवायचं नसेल तर कीपास-एक्ससी घ्या. त्यात सगळं एका कूटबद्ध फाइलमध्ये तुमच्याच संगणकावर राहतं, पण मग त्या फाइलची प्रत काढून ठेवणंही तुमच्याच अंगावर येतं. मॅनेजरचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून घरात नीट ठेवला तरी चालेल. दूर कुठेतरी बसलेला चोर तुमचं कपाट उघडू शकत नाही.

एसएमएसने ओटीपी येतो, तेवढं पुरे नाही का?

काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगलं. पण तुमच्या नावाने दुसरं सिमकार्ड काढून ओटीपी पळवणं हा जुना धंदा आहे, शिवाय नंबर बंद पडला की खात्याचं दारही बंद.

एक पायरी वर म्हणजे ऑथेंटिकेटर अॅप. गूगल ऑथेंटिकेटर, टू-एफ-ए-एस, एंटे ऑथ किंवा अँड्रॉइडवर एजिस; कुठलंही घ्या. सुरुवातीला जो क्यूआर कोड स्कॅन करता त्यात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून अॅप दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड काढतं. म्हणून ते रेंज नसतानाही चालतं, आणि म्हणूनच फोनचं घड्याळ मागेपुढे झालं की कोड 'चुकीचा' ठरतो. अशा वेळी अॅप काढून टाकू नका. फोनच्या सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा.

सगळ्यात भक्कम म्हणजे पासकी: पासवर्डऐवजी वापरायची, तुमच्या फोनच्या किंवा संगणकाच्या लॉकने उघडणारी डिजिटल किल्ली. ती ज्या साइटसाठी तयार झाली तिथेच चालते. हुबेहूब दिसणाऱ्या नकली पानावर तुम्ही गंडलात तरी पासकी गंडत नाही, कारण ती पानाचं रूप बघत नाही, पत्ता बघते.

एक काम जवळपास सगळे टाळतात: बॅकअप कोड. गूगल आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून घ्या. फोन हरवला तर तुमची सुटका तेच करणार आहेत. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच मेलबॉक्समध्ये ठेवणं म्हणजे गाडीची दुसरी चावी डिकीत ठेवून डिकी लावून घेणं.

आणि तुम्ही लॉगिन करत नसताना फोनवर 'तुम्हीच आहात का?' असं विचारणारी सूचना आली तर 'नाही' दाबा. पुन्हा पुन्हा आली तरी वैतागून 'हो' दाबू नका. तुम्ही वैतागावं याचीच कुणीतरी वाट बघत असतं.

माझी माहिती फुटली आहे का, हे कुठे कळतं?

'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर. ऑस्ट्रेलियातले सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. ईमेल पत्ता टाकला की तो कुठल्या कुठल्या गळतीत सापडला ते दिसतं, आणि पुढे सापडला तर कळवण्याचीही सोय आहे. पासवर्ड तपासायचं वेगळं पान आहे. तिथे पासवर्ड टाकायला लोक बिचकतात, आणि बिचकावंच. पण त्या पानावरून तुमचा पासवर्ड बाहेर जात नाही. त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही असा सांकेतिक मजकूर, तुमच्याच ब्राउझरमध्ये काढला जातो आणि त्यातली फक्त पहिली पाच अक्षरं पाठवली जातात.

निकाल लाल आला म्हणून घाबरून जाऊ नका. याहूच्या २०१३ सालच्या एकाच गळतीत तब्बल ३ अब्ज खाती होती, म्हणजे जुना पत्ता असेल तर कुठेतरी नाव निघणारच. यादीतली साइट कुठली ते बघा, तिथला पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड आणखी जिथे वापरला असेल तिथलाही.

खोटा मेल ओळखायचा कसा? हल्ली तर भाषाही बिनचूक असते.

शुद्धलेखनाच्या चुका शोधायचे दिवस गेले. पत्ता वाचायला शिका.

पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं ते कुणीही काहीही ठेवू शकतं, त्यामुळे नावाकडे बघूच नका. त्यावर क्लिक करून पूर्ण पत्ता उघडा. लिंक असेल तर संगणकावर तिच्यावर कर्सर न्या, फोनवर बोट दाबून धरा, खरा पत्ता दिसेल. आता तो उजवीकडून वाचायचा. समजा पत्ता आहे 'माझीबँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट नेट' आणि पुढे तिरकी रेघ. सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्याला लागून असलेल्या दोन रेघा सोडून पहिल्या तिरक्या रेघेपासून डावीकडे या: मालक आहे 'खातेतपासणी डॉट नेट'. आधीचं 'माझीबँक डॉट कॉम' ही नुसती सजावट, मालकाने हवी तशी लावलेली. फोनच्या अरुंद पडद्यावर नेमका हा डावीकडचाच भाग दिसतो आणि घात होतो. दुसरी युक्ती अक्षरांची: इंग्रजी 'आर' आणि 'एन' छोट्या लिपीत चिकटून आले की थेट 'एम' वाटतात.

मुळात हे खोटं चालतं याला कारण आहे. १९८२ मध्ये ठरलेल्या एसएमटीपी या टपालनियमात पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सोयच नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या नंतर वरून बसवल्या गेल्या. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' उघडलं की तिन्हींचे निकाल दिसतात. 'फेल' दिसलं तर शंका घ्या. पण 'पास' दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. मेल त्याच डोमेनवरून (पत्त्यातल्या '@' नंतरच्या नावावरून) आला एवढंच त्यातून कळतं, आणि ते डोमेन भामट्याचं स्वतःचंही असू शकतं.

हे सगळं किचकट वाटत असेल तर एक सवय पुरते: बँक, टपाल, कर, वीज, कुणाचाही 'तातडीचा' मेल आला तर त्यातल्या लिंकवरून जायचं नाही. स्वतः अॅप उघडायचं किंवा पत्ता टाइप करायचा. खरंच काही असेल तर तिथेही दिसेल.

एका मेलमध्ये माझा खरा जुना पासवर्ड लिहून, 'कॅमेऱ्यातून तुझं चित्रण केलंय, पैसे पाठव' अशी धमकी आली आहे.

पासवर्ड जुन्या गळतीतून उचललेला आहे. चित्रण वगैरे काही नाही. हाच मजकूर हजारो पत्त्यांवर फक्त पासवर्ड बदलून जातो. उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका, स्पॅममध्ये टाका. तो पासवर्ड अजून कुठे चालू असेल तर मात्र आजच बदला. मेल तुमच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसला तरी घाबरू नका. पाठवणाऱ्याच्या जागी काहीही लिहिता येतं, ते वर आलंच आहे.

अचानक शेकडो न्यूजलेटरचे मेल यायला लागले. कुणी खोडी काढली का?

बहुधा खोडी नाही. तुमच्या कार्डावर खरेदी झाली किंवा खात्यात बदल झाला की एक सूचना येते, आणि ती तुमच्या नजरेआड व्हावी म्हणून हा पूर सोडतात. सगळे मेल निवडून उडवण्याचा मोह आवरा. आधी बँकेचं अॅप आणि खरेदीच्या साइटवरच्या ऑर्डरी तपासा. मग मेलमध्ये 'ऑर्डर', 'पेमेंट', 'पासवर्ड' हे शब्द इंग्रजीतून शोधा. सफाई त्यानंतर.

अटॅचमेंट उघडण्याआधी तपासता येते का?

येते. व्हायरसटोटलवर फाइल किंवा लिंक टाकली की अनेक अँटीव्हायरसचे निकाल एकत्र मिळतात. पण तिथे चढवलेली फाइल सुरक्षा-संशोधकांना उपलब्ध होते, तेव्हा वैद्यकीय अहवाल, करार, ओळखपत्र तिथे चढवू नका.

साधी पीडीएफ किंवा वर्ड फाइल डाउनलोड न करता मेलमध्येच प्रिव्ह्यूत बघा. 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगणारी ऑफिसची फाइल, मजकुरातच पासवर्ड दिलेली झिप आणि उघडल्यावर लॉगिन मागणारी एचटीएमएल फाइल, या तिघींपासून चार हात लांब. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' नुसतं 'बिल डॉट पीडीएफ' दिसतं. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून नावांची शेपटं दाखवायचा पर्याय एकदाच चालू करून टाका.

ओळखीच्या व्यापाऱ्याने मेल केलाय: 'आमचा बँक खातेक्रमांक बदलला आहे.'

फोन करा. मेलमधल्या नंबरवर नको, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर. इथे पत्ता तपासूनही भागत नाही, कारण बरेचदा त्या व्यापाऱ्याचा खरा मेलबॉक्सच चोराच्या ताब्यात असतो आणि जुन्या संभाषणाच्या धाग्यातच हे उत्तर येतं.

नको असलेल्या मेलवर 'अनसबस्क्राइब' दाबावं की 'स्पॅम'?

कधीतरी तुम्हीच नाव नोंदवलं असेल आणि कंपनी ओळखीची असेल तर अनसबस्क्राइब. अनोळखी असेल तर स्पॅम. त्या मेलमधल्या कुठल्याही लिंकला हात लावायचा नाही, कारण त्यावरून पत्ता जिवंत असल्याचं त्यांना कळतं. शक्यतो मेलच्या आतल्या बारीक लिंकऐवजी पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी मेलसेवेनेच दिलेलं बटण वापरा. गूगल आणि याहूने २०२४ पासून ठोक जाहिराती पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय सक्तीची केली आहे आणि दोन दिवसांत नाव काढणं बंधनकारक आहे. आळशी माणसांसाठी एवढी चांगली बातमी क्वचितच येते.

प्रत्येक साइटला खरा पत्ता द्यायचा नसेल तर?

जीमेलमध्ये पत्त्यातल्या नावापुढे अधिक चिन्ह आणि कुठलाही शब्द जोडा, जसं 'तुमचंनाव+खरेदी'. मेल तुमच्याकडेच येतो आणि पत्ता कुणी पुढे विकला तेही कळतं. पण अधिक चिन्हापुढचं खोडून खरा पत्ता काढणं पोराटोरालाही जमेल, आणि काही साइट हे चिन्ह घेतच नाहीत.

खरा आडोसा हवा असेल तर मुखवट्याचे पत्ते, म्हणजे आलेला मेल तुमच्या खऱ्या पत्त्यावर पुढे पाठवणारे वेगळे पत्ते: फायरफॉक्स रिलेवर पाच फुकट, सिंपललॉगिनवर दहा. डकडकगोची सेवा पूर्ण फुकट आहे आणि मेलमधले ट्रॅकर (मेल उघडल्याची खबर देणाऱ्या छुप्या गोष्टी) काढून पुढे पाठवते. त्रास झाला की तो मुखवटा बंद करून टाकायचा. बँकेला आणि सरकारी कामांना मात्र खराच पत्ता द्या. मुखवट्याची सेवा उद्या बंद पडली तर तिथे अडकायला नको.

मी मेल उघडला हे पाठवणाऱ्याला कळतं का?

कळू शकतं. मेलमध्ये एक न दिसणारं चित्र असतं. ते सर्व्हरवरून मागवलं गेलं की उघडल्याची नोंद होते. जीमेलच्या सेटिंगमध्ये बाहेरची चित्रं विचारून दाखवायचा पर्याय आहे, तो निवडा. अॅपलच्या मेल अॅपमध्ये २०२१ पासून यावर वेगळं संरक्षण आहे.

'जागा संपली' असं येतंय. हजारो मेल एकेक करून कोण काढणार?

कुणी काढू नये. जीमेलची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली असते, म्हणून आधी गूगल वनच्या पानावर नेमकी जागा कोण खातंय ते बघा. पुष्कळदा गुन्हेगार फोटोंतले व्हिडिओ असतात आणि लोक बिचाऱ्या मेलवर राग काढतात.

मेलच असेल तर शोधपट्टीच्या उजवीकडच्या रेघांच्या चिन्हावर क्लिक करा, आकार '१० एमबीपेक्षा मोठा' निवडा. मजकुराचे मेल हजारोंनी काढले तरी फरक जाणवत नाही. या यादीतले मूठभर काढले की लगेच जाणवतो. हवी ती फाइल आधी उतरवून घ्या. मग कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर तिथले मेल ३० दिवस जागा अडवून बसतात. जागा पूर्ण भरू देऊ नका: मग नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात, आणि तुम्हाला मात्र वाटतं, कुणी लिहिलंच नाही.

फोल्डर करावेत का?

माझं मत: जवळजवळ नकोत. बारीकसारीक पंधरा-वीस फोल्डर करणारा माणूस शेवटी शोधपट्टीतच शोधतो. काम झालं की 'अर्काइव्ह' करा. मेल जातो कुठेच नाही, फक्त समोरून हलतो. वेळ घालवायचाच असेल तर फिल्टरवर घालवा. उदाहरणार्थ बिलं: पाठवणाऱ्याचा पत्ता, त्याला 'बिलं' हे लेबल, आणि कधीही स्पॅममध्ये जाऊ नये अशी खूण. जाहिरातींना उलट, इनबॉक्स टाळून थेट लेबलखाली. इनबॉक्स शून्यावर आणायचा हट्ट धरू नका, तो छंद आहे.

घाईत चुकीच्या माणसाला मेल गेला.

जीमेलमध्ये 'अनडू सेंड'ची मुदत मुळात ५ सेकंद असते, ती सेटिंगमधून ३० करा. आणि मेल पूर्ण होईपर्यंत 'टू'ची चौकट रिकामी ठेवा. अनेकांना एकत्र पाठवताना सगळे पत्ते 'बीसीसी'त, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत.

प्रोटॉन मेल किंवा टुटा घ्यावं का?

या मेल कूटबद्ध करून ठेवणाऱ्या सेवा आहेत. दोन्ही चांगले आहेत, दोन्हींची फुकट योजना आहे. मेलचा मजकूर कंपनीलाही वाचता येऊ नये असं हवं असेल तर जरूर घ्या. पण समोरचा साध्या सेवेवर असेल तर तुमचा नेहमीचा मेल त्याच्याकडे उघडाच पोहोचतो. तसं नको असेल तर पासवर्ड लावून पाठवायची सोय आहे. प्रोटॉनमध्ये विषयाची ओळ त्या कूटबंधनात येत नाही, टुटामध्ये येते. जीमेलच्या 'कॉन्फिडेन्शियल मोड'ला नावावरून फसू नका. तो मेल गूगलच्या नजरेआड होत नाही.

मेलचा बॅकअप कसा घ्यायचा?

गूगल टेकआउटमधून सगळे मेल एमबॉक्स फाइलमध्ये (अनेक मेल एकत्र साठवणारा फाइलप्रकार) मिळतात. थंडरबर्ड हे मोझिलाचं फुकट सॉफ्टवेअर. त्यात मेल संगणकावर उतरतात, पण आयमॅपने (संगणक आणि सर्व्हरवरचे मेल सारखे ठेवणारी पद्धत) जोडलं असेल तर सर्व्हरवर उडालेलं इथूनही उडतं. तेव्हा जपायचे मेल थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करा.

खातं हॅक झालंय. सगळ्यात आधी काय?

स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला. संगणकात माहितीचोर सॉफ्टवेअर शिरलं असेल तर त्याच संगणकावर टाकलेला नवा पासवर्डही त्याच्याकडेच जाणार. लॉगिनच होत नसेल तर नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या वायफायवरून रिकव्हरीचं, म्हणजे खातं परत मिळवायचं पान भरा. चोराने रिकव्हरी नंबर बदलला असेल तरी गूगल सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरावर कोड घ्यायची संधी देऊ शकतं, तेव्हा दिवस घालवू नका.

आत शिरल्यावर बाकी सर्व उपकरणांवरून साइन आउट. मग चोराने मागे काय ठेवलंय ते शोधायचं, आणि हेच सहसा राहून जातं. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग बघा: अनोळखी पत्ता असेल तर तुमचे मेल अजूनही तिकडे जातायत. फिल्टर बघा: 'बँक' शब्द असलेला मेल थेट कचऱ्यात, असा नियम सापडू शकतो. रिकव्हरी नंबर व पत्ता, अॅप पासवर्ड (एखाद्या अॅपला आत शिरायला दिलेला वेगळा पासवर्ड), जोडलेली बाहेरची अॅप्स, उत्तरासाठीचा पत्ता, अगदी सहीसुद्धा तपासा. पासवर्ड बदलल्याने फॉरवर्डिंग आणि फिल्टर आपोआप जात नाहीत.

जुना पत्ता वापरत नाही. बंद करू?

त्यावर कुठलीच खाती जोडलेली नाहीत याची खात्री झाल्यावरच. दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा ठेवायचं असेल तर अधूनमधून लॉगिन करा. बंद केलेला जीमेल पत्ता पुन्हा कुणालाही मिळत नाही, पण सगळ्याच सेवा तसं करत नाहीत. याहूने २०१३ मध्ये न वापरलेले पत्ते नव्या लोकांना दिले होते. तशा सेवेवर तुमचा जुना पत्ता उद्या दुसऱ्याचा होऊ शकतो, आणि त्यावर विसरून राहिलेल्या खात्याची पासवर्डची लिंकही त्यालाच जाईल.